रविवारचा नवरा

बोटवाले कायमचे घरी आले, त्या दिवशी त्यांच्या बायकोने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. अठ्ठावीस वर्षं हा माणूस मालवाहू बोटींच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत फिटर म्हणून राबला. नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी, असा सगळा संसार. सुट्टी संपली की पुन्हा बॅग, पुन्हा टॅक्सी, पुन्हा जिन्यात उभं राहून हात हलवणं. इमारतीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळ्यांना ते बोटवाले म्हणूनच माहीत. ती शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचेची भांडी धुण्यापासून आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे, म्हणून मुली तिला बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

दार उघडलं तेव्हा बोटवाल्यांच्या हातात नेहमीपेक्षा एक बॅग जास्त होती. ‘‘आलो,’’ ते म्हणाले. तीही ‘‘या’’ म्हणाली. आणि मग दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिले, पुढचं वाक्य कुणाचं हे ठरलेलं नसल्यासारखे.

खरं तर या दोघांचा संसार रविवारच्या फोनवर उभा राहिला होता. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन यायचा, मग घरात आला. बोट बंदरात असो की भर समुद्रात, जमेल त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला घंटी वाजायची. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पण काय बोलायचा तो माणूस! चार दिवस डोलकाठीवर मुक्काम ठोकून बसलेल्या पक्ष्याची गोष्ट. रागाच्या भरात कप्तानाच्या चहात मीठ घालणाऱ्या आचाऱ्याची गोष्ट. वादळात सगळ्यांच्या चपला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कशा चालत गेल्या, त्याची गोष्ट. ती रिसीव्हर कानाला घट्ट धरून हसायची, आणि शेजारी सासूबाई ‘‘काय म्हणतोय, काय म्हणतोय,’’ करत तिचा पदर ओढायच्या. मग त्या दोघी आणि लेक आठवडाभर त्याच गोष्टीवर हसत. सोमवार ते शनिवार ती शाळा, घर, लेकीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं हे सगळं एकटीने ओढायची. रविवारी तिला नवरा मिळायचा.

वाईट बातमी मात्र फोनवर सांगायची नाही. हा नियम लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी घालून दिला होता. त्या स्वतः एका खलाशाच्या बायको. ‘‘पाण्यावरच्या माणसाला काळजी द्यायची नाही. त्याच्या हातात करण्यासारखं काही नसतं आणि डोक्यातून मात्र जात नाही.’’ मृत्यूची बातमी सोडली तर तिने तो नियम तंतोतंत पाळला. लेकीचा हात मोडला हे त्यांना प्लॅस्टर निघाल्यावर कळलं. स्वतःचं पोटाचं ऑपरेशन तिने ‘‘मध्ये जरा बरं नव्हतं’’ एवढ्यात उरकलं.

आता लेकीचं लग्न होऊन ती लांब गेली होती, सासूबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली होती, तिची नोकरी आणखी तीन वर्षं होती. आणि बोटवाले घरी होते. सोमवारीसुद्धा, मंगळवारीसुद्धा.

पहिला महिना कौतुकात गेला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले. तिसऱ्या महिन्यात एक दिवस ती शाळेतून आली तर स्वयंपाकघरातले डबे आकाराप्रमाणे ओळीने लावलेले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर ठसठशीत अक्षरं: साखर, मीठ, डाळ.

‘‘हे कशाला?’’ ती म्हणाली. ‘‘मला डोळे मिटून सापडायचं सगळं.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले.

हा ‘हं’ तिच्या जिवावर उठला होता. काहीही विचारा, हं. शाळेत आज नवीन मुख्याध्यापिका आल्या, सांगितलं, हं. लेकीचा फोन आला होता, हं. वाक्य पुरतं व्हायच्या आत हं, आणि वाक्य संपून गेल्यावरही हं. फोनवर पंधरा मिनिटांत जग उभं करणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसून पंधरा दिवसांत चार वाक्यं बोलत नव्हता. तिला वाटायचं, आपल्यातच काही उरलं नसेल ऐकण्यासारखं. बाटल्या धुण्यात काय गोष्ट असणार?

रविवारी सकाळी दहा वाजले की तिचे कान अजून फोनकडे लागायचे. सवय, दुसरं काय! फोन वाजायचा नाही, कारण फोन करणारा खिडकीपाशी बसून स्क्रू मोजत असायचा. नवरा घरी असताना नवऱ्याची आठवण येते, हे कुणाला सांगणार? वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीला सांगितलं असतं तर ती शिलाई मशीन थांबवून हसली असती. ‘‘बाई, माझा तर जाईना म्हणून मी रडते.’’

निवृत्तीच्या कागदांचं काम निघालं, तेव्हा बोटवाल्यांनी आपलं खलाशी-पुस्तक तिच्या हातात दिलं. कुठल्या बोटीवर कधी चढले, कधी उतरले, सगळे शिक्के त्यात. ‘‘शाळेत झेरॉक्स आहे ना, तेवढी काढून आण.’’

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती. झेरॉक्सवर ठेवण्याआधी ती खिडकीशी उभी राहून पानं सरळ करत होती. प्रत्येक तारखेपाशी तिला आपलं काहीतरी आठवत होतं. ही बोट, तेव्हा लेक चालायला लागली. ही, तेव्हा छत गळत होतं. आणि सहज, अगदी सहज, तिने सत्तावीस फेब्रुवारी शोधली. त्या वर्षीची सत्तावीस फेब्रुवारी, शुक्रवार. त्या दिवशी सासूबाई गेल्या होत्या. तेव्हा ते कुठल्या बोटीवर होते, एवढंच तिला बघायचं होतं.

त्या तारखेला ते कुठल्याच बोटीवर नव्हते.

तिने पान उलटलं, परत आधीचं बघितलं. बोटीवरून उतरले दोन फेब्रुवारीला. पुढच्या बोटीवर चढले जूनमध्ये. आणि घरी आले सोळा मार्चला. तो सोळा मार्च तिच्या काळजावर कोरलेला होता, कारण त्या दिवशी त्यांना दारात बघून ती पहिल्यांदा मोकळी रडली होती. दोन फेब्रुवारी ते सोळा मार्च. सहा आठवडे.

घंटा झाली, मुली आत आल्या. तिने परीक्षानळ्या वाटल्या, स्पिरिटचे दिवे लावून दिले, एकीचं द्रावण सांडलं ते पुसलं. हात आपोआप चालत होते.

घरी आली तेव्हा बोटवाले मोरीजवळच्या बेसिनपाशी वाकून नळाचा वायसर बदलत होते. पाणी वाहत होतं. ती पर्स न ठेवताच मागे उभी राहिली.

‘‘ते सहा आठवडे तुम्ही कुठे होतात?’’

‘‘हं.’’

‘‘हं नाही. सहा आठवडे. कुठे होतात?’’

‘‘चहा?’’ ते न वळताच म्हणाले. ‘‘आत्ता नको.’’

दुसरी एखादी वेळ असती तर ती हसून लोळली असती. आता मात्र तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. ‘‘आई गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात? बोटीवर नव्हतात! कुठे होतात?’’

वरच्या मजल्यावरचं शिलाई मशीन थांबलं.

बोटवाल्यांनी नळ बंद केला. तिच्या हातातलं पुस्तक बघितलं. मग ओल्या हाताने त्यांनी आपल्या डाव्या कानाला बोट लावलं. ‘‘हा गेलाय. दहा वर्षं झाली. उजवा अर्धा आहे. तू मागून बोललीस की मला नुसता आवाज येतो, शब्द नाही.’’

‘‘मग सांगितलं का नाहीत?’’

‘‘फोन उजव्या कानाला धरायचो. चालून जायचं.’’ ते स्टुलावर बसले. ‘‘तू आत्ता जे विचारलंस ते मात्र ऐकू आलं.’’

आणि मग ते बोलले. गोष्ट सांगतात तसं नाही. एक वाक्य, मग थांबणं, मग पुढचं.

त्याच्या आधीच्या सुट्टीत लेक आठ वर्षांची होती. तिने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘‘बाबा, तुम्ही परत कधी जाणार?’’ तिला आईशेजारची आपली जागा परत हवी होती. लहान पोर, तिचं काय चुकलं? पण ते त्यांना लागलं. मग एकदा ते बाहेरून आले तर स्वयंपाकघरात बायको आणि त्यांची आई पोट धरून हसत होत्या, आणि ते आत गेले तशा दोघी गप्प झाल्या, पदर सारखे केले, पाणी आणून दिलं. पाहुण्याला देतात तसं.

‘‘बोट विकायला काढली आणि आम्हाला दोन महिने आधीच उतरवलं. घरचं तिकीट हातात दिलं. मी म्हटलं, आठवडाभराने जातो. बंदरात खलाशांचं वसतिगृह होतं, त्यांचा पंप बिघडला होता. तो दुरुस्त केला, त्यांनी राहायला खोली दिली. मग दुसरा आठवडा. रविवारी फोन केला की तुम्ही तिघी अशा काही हसत बोलायचात... वाटायचं, यांचं छान चाललंय. मी फोनवरच बरा आहे. तिथे गेलो की सगळं आखडतं.’’

‘‘आणि चौथ्या रविवारी?’’

‘‘चौथ्या रविवारी तू सांगितलंस, आई गेल्या.’’ त्यांनी हातातला वायसर उगाच फिरवला. ‘‘मी चार तासांवर होतो. विमानाने चार तास. पण तुमच्या लेखी मी समुद्राच्या मधोमध. मधोमध असलेला माणूस दुसऱ्या दिवशी दारात कसा उभा राहणार? म्हणून आणखी दोन आठवडे तिथेच बसलो. बोट पोचायला लागले असते तेवढे दिवस.’’

तिला वाटलं होतं दुसरी बाई असेल. वाटेत येताना तिने त्या बाईचा चेहराही मनात उभा केला होता. बाई असती तर भांडता आलं असतं. हे काय होतं?

लेकीच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला, आणि दोन तासांच्या बसने थोरल्या बहिणीकडे गेली.

ताईचं घर म्हणजे आकाशवाणी. ताई आणि भावोजी सकाळी पंख्यावरून भांडत, दुपारी वर्तमानपत्राच्या पानांवरून, संध्याकाळी सकाळी कोण आधी ओरडलं यावरून. बेचाळीस वर्षं हेच. ‘‘तुम्हाला कंटाळा येत नाही गं?’’ तिने विचारलं.

‘‘अगं, ही आमची हजेरी आहे,’’ ताई भाजी निवडत म्हणाली. ‘‘ओरडला म्हणजे आहे. गप्प बसला की मी आत जाऊन बघते, श्वास चालू आहे ना.’’

तिने ताईला सगळं सांगितलं. ताई बराच वेळ देठ खुडत राहिली. ‘‘त्याचं चुकलं. त्याबद्दल दुमत नाही. पण एक विचारू? राग येऊ देऊ नकोस. तू तरी त्याला घरात कधी घेतलंस? हात मोडला सांगितलं नाहीस, ऑपरेशन सांगितलं नाहीस. तोही रविवारचा, तूही रविवारचीच.’’

‘‘तो आईंचा नियम होता.’’

‘‘आई गेल्या की.’’

हे बोलणं तिला झोंबलं. त्या दिवशी ती ताईशीही नीट बोलली नाही. पण मनात दुसरंच काहीतरी वर येत होतं, सतरा वर्षं दाबून ठेवलेलं. सासूबाईंचे शेवटचे पाच दिवस.

नवल म्हणजे तिथे तिला बोटवाल्यांची आठवण येत होती. फोनवरच्या माणसाची येईल असं तिला वाटलं होतं. पण आठवायचा तो दुसराच, डब्यांवर पट्ट्या चिकटवणारा, बोटीवरच्या पाळीच्या सवयीने दर चार तासांनी जाग येऊन उठून बसणारा, बेसिनमध्ये स्क्रू वाजवणारा. ज्याला तिने अजून नीट पाहिलंच नव्हतं तो. चमच्यांचा आवाज झाला तरी तिची मान वळायची.

रविवारी दहाला ताईकडचा फोन वाजला. ताईने उचलून रिसीव्हर तिच्याकडे दिला.

‘‘जेवलीस का?’’ बोटवाल्यांचा आवाज. तोच. भरलेला, ऊबदार, कानाशी लागलेला. ‘‘काल गंमत झाली. शिंपीण खाली आली, म्हणते, तुमच्या भांडणात माझी बाही उलटी शिवली गेली. मी म्हटलं...’’

तिला हसू आलं. आलंच. अठ्ठावीस वर्षं ज्यासाठी ती सोमवारपासून झुरायची, ते परत आलं होतं. डोळे मिटून ऐकत राहावं, पंधरा मिनिटं, मग पुढचा रविवार. असं आयुष्य काढता आलं असतं. काढलंच होतं की.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. ‘‘फोनवर नको.’’

‘‘काय?’’

‘‘फोनवर आपण दोघंही फार गोड बोलतो. मी उद्या येते. तेव्हा बोलू.’’

मग ते म्हणाले, ‘‘समोर मला जमत नाही.’’

‘‘मलाही नाही जमत,’’ ती म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. बोटवाले सासूबाईंच्या खोलीत होते. ती खोली आता हत्यारांची झाली होती, पण पलंग अजून तोच होता. ते पलंगावर हात मांडीवर ठेवून बसले होते. हातात काही नव्हतं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

‘‘मला त्या दिवसांचं सांग,’’ ते म्हणाले. ‘‘फोनवर सांगितलंस ते नको. खरं.’’

फोनवर तिने सांगितलं होतं, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही, तुमची आठवण काढून हसल्या. ती त्यांच्या उजवीकडे बसली. अशा गोष्टी मोठ्याने सांगता येत नाहीत, आणि हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. शेवटी तिने तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं. इतकं जवळ की त्यांच्या केसांना येणारा साबणाचा वास तिला आला.

‘‘सोमवारी ताप आला. मंगळवारी श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी आहे. त्या मला म्हणाल्या, त्याला कळवू नकोस, तो काय पाण्यात उडी मारून येणार आहे? म्हणून मी नाही कळवलं. बुधवारपासून मात्र त्यांना भान राहिना. दार वाजलं की विचारायच्या, आला का? दूधवाला आला तरी, आला का?’’

बोटवाल्यांनी डोळे मिटले होते.

‘‘मी म्हणाले, निघालेत. बोट वळवलीय. गुरुवारी म्हणाले, बंदराला लागली. शुक्रवारी म्हणाले, टॅक्सीत बसलेत. त्या म्हणाल्या, मग भात गरम ठेव. आणि गेल्या.’’ ती थांबली नाही. ‘‘सतरा वर्षं मला वाटत होतं, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. आणि ते खरं होऊ शकत होतं. तुम्ही खरंच टॅक्सीत बसू शकत होतात. मला राग त्याचा आहे. तुम्ही तिथे राहिलात याचा नाही. मी त्यांना जे सांगत होते, ते तुम्ही खरं करू शकत होतात.’’

ते रडले. आवाज न करता, खांदे हलत. तिने त्यांना धरलं नाही, तिला ते जमलं नाही. पण उठलीही नाही.

‘‘आणि एक आहे,’’ थोड्या वेळाने ती म्हणाली, परत कानाजवळ जाऊन. ‘‘कंपनीचा नंबर ड्रॉवरमध्ये होता. तीनदा मी तो बाहेर काढला. एकदाही फिरवला नाही. फिरवला असता तर त्याच दिवशी कळलं असतं, तुम्ही जमिनीवर आहात. नियम म्हणून नाही फिरवला, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला भीती वाटली. तुम्हाला वाईट बातमी देणारी बाई मला व्हायचं नव्हतं. मला तुमची रविवारची बायको राहायचं होतं.’’

बोटवाल्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ‘‘मधलं ऐकू आलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ड्रॉवरनंतरचं.’’

तिने ते पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं कुणी समजू नये. आठ-दहा दिवस तर ती त्यांच्याकडे नुसती बघायची आणि तिला तो शुक्रवार दिसायचा. मग ती भांडी आपटायची. ते विचारायचे, ‘‘काय झालं?’’ आणि ती आता ‘काही नाही’ म्हणत नसे. ‘‘शुक्रवार,’’ म्हणायची. ते येऊन उजवा कान तिच्या बाजूला करून बसायचे. कधी ते स्वतः चिडायचे, ‘‘किती वेळा तेच?’’ म्हणून चप्पल घालून खाली जायचे आणि अर्ध्या तासाने भाजी घेऊन परत यायचे. कानाच्या डॉक्टरांकडे गेले, यंत्र मिळालं. ते लावल्यावर दोन दिवस तक्रार, ‘‘या घरात केवढा गोंगाट आहे!’’ तिने सांगितलं, हा गोंगाट नाही, मी भांडी लावतेय.

हळूहळू ती त्यांना इतर वर्षंही सांगायला लागली. मोडलेला हात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने लेकीसाठी सात फ्रॉक इस्त्री करून कपाटात ओळीने टांगले होते, परत आले नाही तर म्हणून. ते ऐकून बोटवाल्यांनी विचारलं, ‘‘कुठल्या रंगाचे?’’ त्यांनीही सांगितलं. पक्षी डोलकाठीवर चार दिवस बसला होता ते खरं, पण पाचव्या दिवशी तो मरून पडला, ते त्यांनी फोनवर कधी सांगितलं नव्हतं. कधीकधी तिला वाटायचं, आपण दोघं म्हातारपणी कुणा तिसऱ्याच जोडप्याबद्दल ऐकतोय. त्या दोघांबद्दल तिला वाईट वाटायचं. एकाच घरात राहायला मिळालं असतं तर ते एकमेकांना फार आवडले असते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती म्हणाली, ‘‘मला ती खोली बघायचीय.’’

‘‘कुठली?’’

‘‘तुम्हाला माहितीय कुठली.’’

बोटवाले नको म्हणाले, खर्च होईल म्हणाले, ती इमारत आता असेल की नाही म्हणाले. मग तिकिटं काढून आले.

विमानाला खरंच चार तास लागले. ती सगळा वेळ घड्याळाकडे बघत होती. तेही बघत होते, आणि दोघंही बघत नसल्यासारखं करत होते. वसतिगृह होतं. बंदरामागच्या गल्लीत तीन मजली, खिडक्यांना निळा रंग. खाली टेबलापाशी पांढऱ्या केसांची रखवालदारीण बसली होती. तिने चष्मा वर करून बोटवाल्यांकडे बघितलं आणि हातवारे करत मोठ्याने काहीतरी म्हणाली. ‘‘पंपवाला म्हणतेय,’’ बोटवाल्यांनी सांगितलं, जरा लाजून. त्या बाईची भाषा त्यांना मोडकीतोडकी येत होती, बाटलीबाईला मुळीच नाही.

रखवालदारीण किल्ली घेऊन दुसऱ्या मजल्यावर आली. अरुंद खोली, एक खाट, एक खिडकी. खिडकीतून क्रेन आणि पाण्याची एक पट्टी दिसत होती. रखवालदारीण बोलत होती, बोटवाले मान हलवत होते, आणि भाषांतर करत नव्हते. मग तिने बाटलीबाईकडे वळून हातांनी दाखवलं. कपडे घड्या करून बॅगेत भरल्यासारखे. बॅगेची चेन ओढल्यासारखी. बॅग उचलून दारापर्यंत. मग परत. बॅग खाली. चेन उघडून कपडे बाहेर. पुन्हा भरले. पुन्हा काढले. आणि बोटवाल्यांकडे बोट दाखवून तिने डोक्याला हात लावला.

भाषांतराची गरज नव्हती.

‘‘किती वेळा?’’ रखवालदारीण गेल्यावर तिने विचारलं.

‘‘मोजलं नाही.’’ ते खिडकीबाहेर बघत होते. ‘‘रोज सकाळी भरायचो. एकदा विमानतळापर्यंत गेलो होतो.’’

‘‘कधी?’’

‘‘तू सांगितलंस त्या रविवारी.’’

तिने त्यांच्या पाठीकडे बघितलं. चाळीशीतला एक माणूस बॅग घेऊन काचेच्या दारापाशी उभा आहे, लोक त्याला चुकवून आत जातायत, तो जात नाही, असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्या माणसाकडे जावंसं वाटलं. त्याचं मनगट धरून म्हणावंसं वाटलं, चला, मी रागावणार नाही, चला. पण त्याच्यापर्यंत जाणारं विमान कुठलंच नव्हतं.

ती खाटेच्या कडेवर बसली. खाट एकाच माणसाची, मध्ये खोल गेलेली.

‘‘या इकडे,’’ ती म्हणाली. ते वळले, आले, तिच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे त्यांचा उजवा कान तिच्याकडे येईल असे. दोघं मधल्या खळग्यात घसरून एकमेकांवर आले. ती हसली नाही, बाजूलाही सरकली नाही.

‘‘सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या दिवसापासून. काय खाल्लंत इथे?’’

बोटवाल्यांनी घसा साफ केला. ‘‘पहिल्या दिवशी काही नाही खाल्लं,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या दिवशी...’’